बिनपुसलेला फोटो

तळलेलं सोडून आणि तोंड घासघासून थकल्यावर मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "पिंपल्स कधी वाढतात? जुने फोटो दाखव बरं."

माझे बाबा फोटोग्राफर, फोटोंना काय तोटा! पण पिंपल्स एकाही फोटोत नव्हते. बाबांनी कॉम्प्युटरवर बसून सगळे मायेने पुसले होते.

"बाबा, आता काही पुसायचं नाही," मी बजावलं. मग दर आठवड्याला ते मन घट्ट करून माझा फोटो काढू लागले. ते फोटो पाळीच्या तारखांसोबत ओळीने लावताच डॉक्टर म्हणाल्या, "बघ, दर वेळी पाळीच्या आधी, हनुवटीवरच. हा हॉर्मोन्सचा खेळ आहे, तुझ्या खाण्याचा नाही." तपासण्या झाल्या, औषधं सुरू झाली.

वर्षाच्या आत बाबांनी माझा नवा फोटो उघडला, सवयीने माऊस हातात घेतला आणि बघतच राहिले. "पुसायला काही ठेवलंच नाहीस की गं!"

तो फोटो त्यांनी दुकानाच्या काचेत लावला. शेजारी मी हट्टाने पहिला लावला, पिंपल्ससकट.

संध्याकाळी तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक मुलगी आत आली. बाबांनी कॅमेरा उचलला.

"फोटो नको काका," ती स्कार्फ सोडत म्हणाली, "डॉक्टरांचा पत्ता द्या."