रांगेतला शेवटचा

"न्याय झाला, बाई. आता घरी जा, दोन घास खा." न्यायाधीशांचा तो आवाज म्हातारीच्या कानातून कधी गेलाच नाही. घास तिनं खाल्ले होते. गळ्याखाली कसे उतरले, ते तिचं तिलाच ठाऊक.

आणि आज तो सुटून आला होता. तिच्या पोराला भोसकणारा, पोराचाच दोस्त. एका ताटात दोघं जेवायचे, एका पांघरुणात दोघं भांडायचे. चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला तो अगदी मागच्या बाकावर, खांबाआड बसला होता.

मिस्सेआधी फादरनी तिला बाजूला घेतलं होतं. "शिक्षा भोगून झाली त्याची. पश्चात्तापानं आलेल्याला द्राक्षारसाचा प्याला नाकारायचा अधिकार तुम्हाला नाही, मलाही नाही. चर्चचा नियमच आहे."

"मेला माझा, फादर. आणि माफ करून मोकळे तुम्ही."

"जड जात असेल तर राहू द्या. आज प्याला दुसरं कुणी धरेल."

"इतकी वर्षं मी धरला," म्हातारी म्हणाली, "त्याच्यापायी का सोडू?"

रांग सरकत होती. फादर भाकर देत होते, पुढं ती प्याला. "ख्रिस्ताचे रक्त," ती म्हणायची. समोरचा "आमेन" म्हणून घोट घ्यायचा. ती कापडानं काठ पुसायची, प्याला जरासा फिरवायची. शिंपीण झाली, दूधवाला झाला, शेजारची सून झाली. मग एकटा तोच उरला. केस पिकलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हात जोडलेले. हेच ते हात.

शब्द ओठाशी येऊन अडले. रक्त म्हणायचं, तेही याला.

गाणं संपलं. कुणीतरी खोकलं. फादरनी मान वर केली नाही.

तिनं प्याला पुढं केला. "ख्रिस्ताचे रक्त." आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

तो आमेन म्हणाला नाही. प्याल्याला हात लावला नाही.

"घे आता," ती दातांवर दात ठेवून पुटपुटली. "किती वेळ जीव टांगून ठेवशील माझा?"

"मावशी, कोर्टात मी सांगितलं नाही," तो म्हणाला. "त्यानं शेवटी पाणी मागितलं होतं. मी तिथंच होतो. नळ समोर होता. मी दिलं नाही."