बोडके हात

वकिलीच्या प्रवेश परीक्षेचं हॉलतिकीट आलं आणि वर्षभर दीपालीची पुस्तकं बघून नाक मुरडणाऱ्या तिच्या सासूबाई, आक्काताई, एकाएकी लोण्याहून मऊ झाल्या. "तू अभ्यासाचं बघ, बाकीचं माझ्यावर सोड," म्हणत त्यांनी चष्मा लावला आणि हॉलतिकिटावरच्या सगळ्या सूचना ओळीवर बोट ठेवून वाचून काढल्या. धातू चालत नाही म्हणून सुनेच्या बांगड्या, जोडवी आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं उतरवली. पाण्याला आरपार दिसणारी बाटलीसुद्धा आणून ठेवली.

मग तिचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "सवाष्णीचे हात असे बोडके बरे दिसत न्हाईत गं." आणि बोटांची टोकंही न सोडता दोन्ही हातांवर गच्च मेंदी लावून दिली. सकाळी रंग असा चढला होता, की दीपालीला भरूनच आलं. मेंदी रंगली की सासूची माया समजायची, असं माहेरी आई म्हणायची.

मिरजेच्या केंद्रावर ठसे घेणारं मशीन तिचा अंगठा काही केल्या घेईना. "बोटांना मेंदी लावू नका म्हणून ठळक लिहिलंय की! वाचलं न्हाई व्हय?" गेटवरच्या माणसानं तिला बाजूला काढलं. बाहेर येऊन तिनं पानपट्टीवाल्याचा फोन मागितला, घरी लावला. पण हुंदक्यापुढं शब्द फुटेना.



"घेतला न्हाई न्हवं अंगठा?" पलीकडून आक्काताई म्हणाल्या. "ये मग घरी, भाकऱ्या थापायच्या राहिल्यात."