मांडीवरची ओल

बाळ रडायचं थांबलं, तेव्हा चांगुणानं मागं वळून पाहिलं.

कळंबहून निघालेली एसटी येडशी सोडून सोलापूरच्या रस्त्याला लागली होती. मागच्या बाकावर एक कोवळी बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी तिची सासू. इतका वेळ चिरक्या आवाजात रडणारं बाळ आता नुसतं तोंड उघडत होतं. आवाज येत नव्हता.

"काय होतंय त्याला?"

"जुलाब लागल्यात," सासू म्हणाली. "सोलापूरला मोठ्या दवाखान्यात चाललोय."

चांगुणानं बाकावरून हात लांबवला. टाळू खोल गेली होती. पोटाची कातडी तिनं चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली.

"मी नर्स हाय. अंगावर पाजता का ह्याला?"

"हिला दूधच न्हाई. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायची आन खायला ती तांबडी मिलो ज्वारी. कुठनं येणार दूध?"

"मग पाणी?"

"जुलाबात पाणी देत न्हाईत." सासूनं मांडीवरचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या जवळ ओढला.

"पाण्यावाचूनच जात्यात लेकरं. सोलापूर अजून लांब हाय. ह्याच्यात तेवढा दम न्हाई."

बोलता बोलता चांगुणाचा ब्लाउज भिजायला लागला. छातीला घट्ट पट्टी बांधली होती, तरी. शेजारी बसलेल्या पिराजीनं, तिच्या नवऱ्यानं, ते पाहिलं.

"आता कुठं दूध थांबत आलं व्हतं," तो हळूच म्हणाला.

चांगुणानं पदर पुढं ओढला आणि दोन्ही हात मागच्या बाकाकडं पसरले. "आणा हिकडं. मला दूध हाय."

सासूचा हात मध्ये आला. "कुण्या गावच्या तुमी?"

"तडवळ्याच्या."

"तडवळ्यात कुणाच्या?"

आजूबाजूची बोलणी थांबली. पिराजी खिडकीबाहेर पाहू लागला.

"आमी बौद्ध हाव," चांगुणा म्हणाली. हात तिनं मागं घेतले नाहीत.

सासूचा हात तिथंच राहिला. बस खड्ड्यात आदळली, बाळाची मान एका बाजूला पडली, ती त्यानं उचलली नाही.

"सत्यभामे, थांब जरा. इचार करू दे."

"सरा, आत्याबाई," सत्यभामा म्हणाली. तिनं सासूचा हात बाजूला केला आणि बाकावरून बाळ चांगुणाकडं दिलं.

बाळाला ओढायचं बळ नव्हतं. थेंब ओठाला लागला तेव्हा त्यानं जीभ हलवली, आणि लगेच तोंड फिरवलं. चांगुणा चमकली. मग तिच्या ध्यानात आलं. स्वतःच्या लेकीनं सोडावं म्हणून ती रोज कडुलिंबाचा पाला वाटून लावत होती. आज निघतानाही लावला होता.

तिनं पदरानं पुसलं. कडू जाईना. "पाणी द्या," ती नवऱ्याला म्हणाली. पिराजीनं बाटली उलटी करून दाखवली.

बाळाचे डोळे वर चालले होते.

तिच्या खांद्याला काहीतरी गार लागलं. सासूनं फिरकी काढून तांब्या पुढं केला होता. तिनं वरून ओतलं नाही. तांब्याच चांगुणाच्या हातात दिला.

चांगुणानं पदराचं टोक भिजवलं, पुसलं, पुन्हा पुसलं. बाळाला जवळ धरलं. ते चाटत राहिलं, थांबलं, दमलं. मग एकदा गिळल्याचा आवाज आला. तो सत्यभामालाही ऐकू गेला.

तुळजापूरला यात्रेकरूंची झुंबड आत चढली. सासू उठून उभी राहिली आणि आपला पदर दोन्ही हातांनी पसरून चांगुणाला आडोसा केला. घाट उतरेपर्यंत ती तशीच उभी होती.

"तुझं लेकरू कुठाय?" तिनं वरूनच विचारलं.

"घरी. सासूपाशी. लेक हाय, दहा म्हैन्याची."

"आन तू कुठं चाललीस?"

"मुंबईला. तिथनं इमानानं कुवेतला. दोन वर्सं."

"कशापायी?"

"मोठमोठे दवाखाने निघालेत तिथं. पगार लई देत्यात. नर्सा कमी पडत्यात त्यांना."

म्हातारी बाहेर पाहत राहिली. रस्त्याकडेला खडीचे ढीग होते, आणि उन्हात फडकी बांधून बसलेल्या बाया.

"हितं नर्सा लई हायत व्हय?" ती म्हणाली.

चांगुणानं बाळाची बाजू बदलली.

सोलापूरची गिरण्यांची धुराडी दिसायला लागली, तेव्हा तिच्या मांडीला एकदम ऊब लागली. तिनं खाली पाहिलं. विमानासाठी म्हणून घेतलेली नवी नायलॉनची साडी भिजली होती.

"मुतलं," ती म्हणाली. मग मान वळवून सत्यभामाला पुन्हा सांगितलं, "मुतलं गं. आता दवाखान्यापातूर टिकतंय त्ये."

सत्यभामानं तोंडात पदर घातला आणि रडायला लागली.

स्टँडवर बाळ द्यायला चांगुणाला जरा वेळ लागला. झोपेत त्यानं तिचा ब्लाउज मुठीत धरला होता. एकेक बोट सोडवावं लागलं. सासू-सून टांग्यात बसून दवाखान्याकडं गेल्या.

"साडी बदलून घे," पिराजी म्हणाला. "गाडीला येळ हाय."

"नको."

त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला. झळा मारत होत्या. साडीवरचा डाग कडेनं वाळत आत सरकत होता. चांगुणानं त्यावर तळहात पसरून ठेवला आणि त्याच्या मागं चालू लागली.