कानाचं काम
परसातल्या टोमॅटोंचा रस भरलेल्या बरण्या आम्ही पितळी हंड्यात उकळायचो. गार झाल्या, की सासूबाई प्रत्येक झाकणावर चमचा वाजवून बघायच्या. खणखणीत वाजलं तर बरणी वर्षभरासाठी फळीवर. बद्द वाजलं तर आत हवा शिरली, खाणाऱ्याची धडगत नाही. मी चमचा मागितला, की फटकारायच्या, “हे हाताचं काम नाही, कानाचं आहे!” वीस वर्षं त्यांनी तो कुणाला दिला नाही. यंदा चौथी बरणी बद्द वाजली आणि त्यांनी ती खुशाल फळीवर ठेवली. मी ती उचलून बाजूला केली. त्या थबकल्या. पुढच्या झाकणावर चमचा वाजवून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी मान डोलावली. उरलेल्या बरण्या त्यांनी माझ्या चेहऱ्यावरूनच पारखल्या. मग चमचा पुसून माझ्यापुढे धरला. “यापुढे तूच वाजव. हात दुखतो माझा.”