पाहिलं कुणी?

"चौघांनी लिहिलंय आणि चौघांचं जुळत नाही," महादू म्हणाला. "कुणी म्हणतो थडग्यापाशी एक देवदूत होता, कुणी म्हणतो दोन. आणि लिहिलं कधी? सगळं होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी!"

शारजातल्या गॅरेजांच्या गल्लीतून दोघे टेलिफोन बूथकडे निघाले होते. शमुवेल नुकताच चर्चमधून आला होता. ईस्टरचा रविवार कामात गेला, म्हणून सुट्टीच्या शुक्रवारी त्याने तो साजरा केला होता. नगरकडचा हा ख्रिस्ती सुतार आणि काहीच न मानणारा वेल्डर महादू एकाच खोलीत राहत आणि मेलेला प्रभू तिसऱ्या दिवशी खरंच उठला का, याच विषयावर दर शुक्रवारी भांडत. दुसरी करमणूक होती कुठे?

"पाहिलं कुणी? त्याच्याच माणसांनी. परक्या एकानेही नाही."

"परका ओळखणार कसा?" शमुवेल हसला. "आज तरी गप बस, बाबा. आपल्याच खोलीतला मेलेला माणूस परत आलाय."

"तो मेलाच नव्हता! कार्डाची गडबड होती. तुझ्या गोष्टीतही तसलंच काहीतरी झालं असेल."

गडबड खरीच होती. भिवाकडे कागदपत्रं नव्हती. छातीत दुखू लागलं तेव्हा तो खोलीतल्या एकाचं हेल्थ कार्ड घेऊन दवाखान्यात गेला. कामगारांच्या छावणीत सगळेच असं करत. तिथेच तो वारला. तेव्हा कार्डवाला खोलीतल्या बाकीच्यांबरोबर लिव्याच्या वाळवंटात कामावर होता. कंपनीच्या ऑफिसने कार्डावरच्या नावाने सीलबंद पेटी कोकणात पाठवली, उघडू नका म्हणून बजावलं. तिला तसाच अग्नी दिला गेला आणि कार्डवाल्याची बायको रंभा विधवा झाली.

काल लिव्याहून ट्रक परतला आणि कार्डवाला धडधाकट खाली उतरला. बिचाऱ्या भिवाला मागे-पुढे कुणी नव्हतं, त्याच्यासाठी सगळे हळहळले. पण रंभाच्या विचाराने छावणीला केवढं हायसं वाटलं!

रंभाला अजून काहीच ठाऊक नव्हतं. नवऱ्याला तिच्याशी बोलायचा धीर होईना, म्हणून आधी शमुवेलने सांगायचं ठरलं होतं.

"ती मानणार नाही," महादू म्हणाला. "तिच्या जागी कुणीच मानणार नाही."

"सगळे तुझ्यासारखे नसतात. यल्ला, चल."

गावातल्या दुकानदाराने रंभाला फोनवर बोलावून आणलं. शमुवेलने सगळं सांगितलं, मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"तुम्ही पाहिलंत त्यांना?" तिने विचारलं.

"पाहिलं, वहिनी. आमच्या खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं."

"तुम्ही त्यांचेच दोस्त. दोस्त काय, काहीही सांगतील. दारात पेटी आली, पेटीवर नाव होतं. चिता मी लांबून पाहिली. आता थट्टा नका करू, भाऊ, हात जोडते."

दर शुक्रवारी महादूला पुरून उरणारा शमुवेल या बाईपुढे हरला. त्याने मान वळवून महादूकडे पाहिलं.

महादूने रिसीव्हर हिसकावून घेतला.

"रंभे, मीच बोलतोय," तो म्हणाला. "कुंकू लाव."