निर्दोष दिवाणखाना

सन १९९०, मार्च महिन्यातील एक रविवार, सकाळची वेळ. स्थळ चंदीगड शहरातील सेक्टर पंधरा, विद्यापीठात तर्कशास्त्र शिकविणाऱ्या चारुदत्त देवस्थळी यांच्या भाड्याच्या घराचा तळमजल्यावरील दिवाणखाना. लोखंडी कपाट खिडकीपुढून हलत नव्हते आणि त्यांच्या पत्नी शैलजाबाई कपाटापुढून हलत नव्हत्या.

"अहो, राहू द्या ते तिथंच. दादा काय भिंती बघायला येतोय?"

"भिंतीच बघायला येतायत," चारुदत्त म्हणाले. "घरात माणसं कशी राहतात, हे पाहुणा आधी भिंतींना विचारतो. मग माणसांना."

शैलजाबाईंचे थोरले बंधू कर्नल विश्वनाथ शहराजवळच्या चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत होते. त्यांची आता बेळगावला बदली झाली होती. पंजाब पेटलेला, जवळ भाऊ आहे, एवढ्याच धीरावर बहिणीला इथे राहू दिले होते. तो धीर हलल्यावर तिने आणि मुलीने, लीनाने, येथेच राहावे की साताऱ्याला परतावे, हे ठरविण्याचे काम साताऱ्याच्या वडीलधाऱ्यांनी विश्वनाथरावांवरच सोपविले होते, आणि त्यासाठी ते आज येणार होते. बायको आणि मुलगी यांच्यावाचून या घरात राहण्याची कल्पनाही चारुदत्तांना सोसत नव्हती. शैलजाबाईंनाही जायचे नव्हते. ज्या एका गोष्टीवर उभयतांचे संपूर्ण एकमत होते, तिच्यासाठीच दोघे सकाळपासून भांडत होते.

पुण्याहून आलेल्या एका मासिकात, खोली सजविताना हमखास होणाऱ्या चुकांवर लेख होता. चारुदत्तांनी तो एखादा भाष्यग्रंथ वाचावा तसा वाचला, आणि आपल्या दिवाणखान्यात त्यांतील एकही चूक व्हायची राहिलेली नाही असे त्यांना आढळून आले. खिडकी कपाटाने बुजविलेली. सोफा आतल्या भिंतीला लावून ठेवलेला. पडदे घोंगडीसारखे जाड आणि काळपट. दिवा एकच, तोही मिणमिणता. ही सारी मांडणी शैलजाबाईंची. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सेक्टरात भर बाजारात गोळ्या चालल्या, त्या संध्याकाळी लीनाला हाताशी घेऊन त्यांनी ती केली होती.

"भीतीच्या हाती घर दिलं की असं होतं," चारुदत्त म्हणाले. "ज्या गोळीला आपला पत्ता ठाऊक नाही, तिच्यासाठी मी माझा उजेड बंद करू? माझ्या म्हणण्यात खोट कुठे आहे, तेवढं दाखव."

"खोट नाही हो. तुमच्या म्हणण्यात ती कधी असते? पण दादाला काय बघायचंय ते तुम्हाला—"

"सुखाचं, मोकळं घर बघायचंय. ते दिसलं की प्रश्न मिटला. यावर काही आक्षेप?"

शैलजाबाई बाजूला झाल्या. संसारातल्या बहुतेक वादांप्रमाणे हाही वाद चारुदत्तांनी जिंकला.

दुपारपर्यंत कपाट आतल्या खोलीत गेले. सोफा भिंत सोडून खिडकीसमोर आला. जाड पडद्यांच्या जागी फिकट पिवळे, वाऱ्याने हलणारे पडदे लागले. दोन कोपऱ्यांत दोन दिवे आले. फार उंच टांगलेली चित्रे नजरेच्या पातळीवर उतरली. लीना शाळेतल्या मैत्रिणीकडून परतली ती दारातच थबकली.

"बाबा, कमरा तो एकदम फर्स्ट क्लास है! पर अब सामनेवाली आंटी गिन लेंगी कि आपने कितने बिस्किट खाए."

"मोजू दे की," चारुदत्त प्रसन्नपणे म्हणाले. "आपण काय चोरून खातो?"

दिवेलागणीच्या सुमारास विश्वनाथराव साध्या कपड्यांत आले. फाटकाबाहेर थांबून ते बराच वेळ घराकडे पाहत राहिले. चारुदत्तांना ते खिडकीतून स्वच्छ दिसले. कौतुकाला रस्त्यावरूनच आरंभ झाला, अशी त्यांनी खूणगाठ बांधली.

"वा! शैलू, घर ओळखू येईना गं," आत येत विश्वनाथराव म्हणाले. त्यांनी पडद्याचा पोत पाहिला, दिव्यांची जागा वाखाणली, चित्रांपुढे उभे राहून मान डोलावली. चारुदत्तांनी खिडकीसमोरची मानाची जागा दाखविली. विश्वनाथरावांनी चहाचा कप उचलला आणि ते खिडकीपासून दूर, आतल्या बोळातल्या वेताच्या मोड्यावर, भिंतीला पाठ लावून बसले.

"लीना, बाळ, तूही इकडे ये. माझ्याजवळ बस." मग त्यांनी विचारले, "हे सगळं कुणी केलं?"

"मीच, दादा," शैलजाबाई घाईने म्हणाल्या. "म्हटलं, जरा बदल हवा. उद्या परत पहिल्यासारखं लावणार आहे."

थोरल्या भावाशी त्या आयुष्यात प्रथमच खोटे बोलल्या होत्या. पण चुकीचे विधान खोडल्यावाचून पुढे जाऊ देणे चारुदत्तांच्या स्वभावात नव्हते.

"छे, छे! हिचा तर सक्त विरोध होता, विश्वनाथराव. तो मी मुद्द्यामुद्द्याने खोडून काढला. शेवटी पटलं तिला."

शैलजाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"आता तुम्हीच सांगा," चारुदत्त उत्साहाने म्हणाले, "या खोलीत एक तरी चूक काढून दाखवता येईल?"

"एकही नाही," विश्वनाथराव म्हणाले. त्यांनी कप हलकेच बशीत ठेवला. "चारुदत्तराव, मी दर महिन्याला या रस्त्याने जायचो, तुम्हाला न कळवता. बाहेरून घराकडे एकदा बघायचो आणि निर्धास्त परत फिरायचो. या घरात भिणारं एक माणूस होतं, त्याच्या भरवशावर मी या दोघींना इथं राहू दिलं होतं. त्यालाच तुम्ही पटवून दिलंत." ते उठले आणि बहिणीकडे वळले. "शैलू, लीनाचे आणि तुझे कपडे भर. तुम्ही दोघी आजच निघताय."