धुऱ्यात पुरलेली दाढ

अमरावतीला किडलेली दाढ काढून पौर्णिमा कापसाचा बोळा चावतच गावी परतली. घरच्या रिवाजाप्रमाणे आईनं ती दाढ समोरच्या वावराच्या धुऱ्यात, मातीच्या बांधात, पुरली. घरातल्या सगळ्यांचे दात तिथंच होते. वावर मात्र आता त्यांचं राहिलं नव्हतं; कापूस पिकेनासा झाला म्हणून ते विकलं होतं, आणि ते विकत घेणारा शेजारी मधला धुरा मोडून दोन्ही वावरं एक करणार होता.

सूज उतरली, जखम भरत आली. मग एका दुपारी ओसरीवर दहीभात खाताना त्या रिकाम्या जागी कळ आली. समोर धुऱ्यावर, दाढ पुरली होती तिथंच, शेळी उभी होती. शेळी उतरली, कळ थांबली.

पौर्णिमानं पडताळा घेतला. ती डोळे मिटून बसली आणि थोरला भाऊ श्याम मनाला येईल तेव्हा धुऱ्यावरच्या त्या जागेवर पाय देत गेला. प्रत्येक पाऊल तिला जबड्यात कळलं.

"कॉलेजात हेच शिकली काय वं?" श्याम हसला, पण पुन्हा त्या जागेकडे गेला नाही.

तिनं खुरप्यानं उकरून पाहिलं. उन्हानं काळ्या मातीला हातभर खोल भेगा पडल्या होत्या. दाढ सापडली नाही.

"आये, तुह्ये तं सारेच दात तिथं हायेत. तुले काई होत नाई?"

"काई नाई होत, बाई," कवळी सावरत आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आला. गाल दाबून धरत पौर्णिमानं आईकडे पाहिलं. आईनं कवळी काढून बाजूला ठेवली होती आणि पदराचा बोळा करून हिरड्यांत घट्ट धरला होता.

नांगराचा फाळ अजून मातीला टेकायचा होता.